ठकी, झिपरी आणि कोयना: ऐरोलीत कोंबड्यांना शिकवताना

आमची ठकी हाक मारली की येते, हात फिरवला की गोल फिरते, स्टुलावर चढते आणि तीन टोपणांतलं निळं टोपण चोचीने दाखवते. ठकी कोंबडी आहे. यात माझं कौतुक फारसं नाही, कारण कोंबड्या पटापट शिकतात. डोक्याला ताप झाला तो बाकीच्या गोष्टींचा: सोसायटीची परवानगी, बर्ड फ्लू, आरवणारा कोंबडा, पावसाळा. मी शोधाशोध करत होते तेव्हा मराठीत कुक्कुटपालनाची माहिती ढिगाने मिळाली, पण सगळी अंड्यांची आणि वजनाची. शिकवण्याबद्दल काहीच नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

आम्ही नवी मुंबईतल्या ऐरोलीत एका जुन्या रो-हाऊसमध्ये राहतो. मागे छोटीशी मोकळी जागा आहे, त्यात पूर्वी तुळस, कढीपत्ता आणि मोडकी सायकल असायची. सातवीतल्या लेकाला कुत्रा हवा होता, नवऱ्याला नको होता. सासूबाई जुन्नरकडच्या. त्या म्हणाल्या, "कोंबड्या पाळ, निदान अंडी तरी खाशील." लेकाने त्याच रात्री कोंबडी टोपणं ओळखते असा एक व्हिडिओ शोधून काढला आणि विषय ठरला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोसायटीला अर्ज दिला. आमची कमिटी महिन्यातून एकदा बसते, त्यामुळे निर्णय डिसेंबरच्या मीटिंगला झाला. अटी अशा: चारपेक्षा जास्त पक्षी नकोत, कोंबडा अजिबात नको, विष्ठा रोज उचलायची, लेखी तक्रार आली तर महिन्याभरात पक्षी हलवायचे. हे सगळं हमीपत्र म्हणून स्टॅम्प पेपरवर हवं होतं. शंभराचा स्टॅम्प आणायला गेले तर कळलं, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो. नोटरीचे दोनशे वेगळे. एक सांगते, मसुदा आपणच करून न्यावा आणि त्यात 'घरगुती पाळीव, विक्रीसाठी किंवा कत्तलीसाठी नाही' ही ओळ घालावी. कमिटीतल्या दोघांचा विरोध त्या ओळीवर मावळला. त्यांना वाटलं होतं मी चिकनचं दुकान काढतेय.

परवानगी हातात आली आणि जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरपर्यंतचे पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. ऐरोली त्यापासून बरीच लांब, तरीही सेक्रेटरीकाकांचा फोन आला, "वहिनी, आत्ता आणू नका." बरोबरच होतं त्यांचं. ठाणे जिल्ह्यात २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीला असंच झालं होतं आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. मग फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबलो. तो वेळ खुराड्यात गेला.

खुराडं रबाळ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं, ७,८०० रुपये. षटकोनी छिद्रांची 'कोंबडीची जाळी' घेऊ नका. नवी मुंबईच्या घुशी ती सहज कुरतडतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, लावा आणि खाली सिमेंटचा कोबा करा. वर भाताचं तूस पसरायचं. बसायला आडवी काठी हवी, गोल आणि अंगठ्यापेक्षा जाड, कारण कोंबड्या रात्री जमिनीवर बसत नाहीत.

पिल्लं मार्चच्या सुरुवातीला आणली, पाच आठवड्यांची, कल्याणकडच्या एका हॅचरीवाल्याकडून, १३० रुपयाला एक. जाती अशा: दोन वनराज, एक गावठी, एक कडकनाथ. एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांना दिव्याची ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. शिवाय लशी आपल्यालाच द्याव्या लागतात. आमच्या पिल्लांना मॅरेक्स, लासोटा आणि गंबोरो देऊन झाली होती. लासोटा म्हणजे मानमोडीची लस, ती चुकवू नका. घेताना तारखांचा कागद मागून घ्या. सरकारी ठिकाणी चौकशी करायची तर गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्राची कुक्कुट विकास संस्था आहे.

पहिले काही आठवडे शिकवणं असं काही नव्हतंच. नुसतं बसायचं. मी सकाळी चहाचा कप घेऊन खुराड्याशेजारी पाटावर, लेक शाळेतून आला की तो. पिल्लाला वरून पकडायला गेलात तर ते तुमचं नाव घेणार नाही. वरून येतं ते शिकारी, हे त्याच्या रक्तात आहे. आमच्याकडे खाडीवरच्या घारी दिवसभर फिरत असतात. घार दिसली की कोंबडी एक लांब, बारीक सूर काढते आणि सगळ्या जागच्या जागी गोठतात. मांजर दिसलं की आवाज वेगळा, तुटक, चढता. आधी हे आवाज ओळखायला शिका, कारण पहिला ऐकू आला की त्या दिवशीचा धडा संपला.

एप्रिलच्या शेवटी दोन वनराजांपैकी एकाचा तुरा भसाभस वाढायला लागला. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "हा बाप्या आहे." मे उजाडला आणि पहाटे पावणेपाचला तो आरवला. घसा बसल्यासारखा, पण आरवला. सोसायटीच्या ग्रुपवर सव्वापाचला मेसेज. हमीपत्रात कोंबडा नको असं माझ्याच सहीने लिहिलेलं, त्यामुळे वाद नव्हता. मुरबाडजवळ नणंदेचं शेत आहे, शनिवारी तिथे पोहोचवून आलो. कापणार नाही असं ती म्हणाली. पुढे मी विचारलेलं नाही. एवढ्या लहान वयात नर-मादी नक्की सांगता येत नाही, तेव्हा 'नर निघाला तर बदलून द्याल का' हे हॅचरीवाल्याला पैसे देण्याआधी विचारा.

उरल्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या: वनराज ठकी, गावठी झिपरी आणि काळीकुट्ट कोयना. आता खरी शाळा.

पद्धत अशी आहे. कोंबडीने हवं ते केलं की त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगेच दाणा द्यायचा. आवाजासाठी क्लिकर मिळतो, दाबला की टक वाजणारा, सव्वाशे रुपयांना. टकटक बॉलपेनही चालतं, फक्त त्याचे दोन आवाज होतात, म्हणून आम्ही ते सोडलं. आधी नुसतंच टक आणि दाणा, टक आणि दाणा. टक ऐकताच कोंबडी वाटीकडे वळायला लागली की पहिली पायरी झाली. ठकीला हे एका बैठकीत कळलं. कोयनाला आठवडा लागला, कारण तिला आवाजाचीच भीती. तिच्यासाठी क्लिकर रुमालात गुंडाळला.

दाणा कसा द्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. कोरडी कणी हातातून सांडते आणि मग कोंबडी जमिनीवरचं टिपत बसते, तुम्ही गेलात कुठल्या कुठे. मक्याची भरड थोडी भिजवून छोट्या स्टीलच्या वाटीत दाबून भरायची. टक झालं की वाटी पुढे, दोन टोचे, वाटी मागे. अवघड कामाला वाळवलेल्या अळ्या, त्या ठाण्यात माशांच्या दुकानात मिळाल्या, शंभर ग्रॅम अडीचशे रुपये. धडा सकाळच्या खाण्याआधी, पाच मिनिटं, फार तर सात. उपाशी ठेवायचं नाही. रात्रभर कोंबडी काही खात नाहीच, तेवढी भूक पुरते. आणि उजेड हवा. संधिप्रकाशात तिला धड दिसत नाही, त्यामुळे ऑफिसमधून आल्यावर शिकवू हा नवऱ्याचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला.

दुसरी पायरी टोपण. आइस्क्रीमच्या काडीला पाण्याच्या बाटलीचं लाल टोपण चिकटवलं आणि ठकीसमोर धरलं. ती थांबली. मान तिरकी करून एका डोळ्याने बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने, मग एक पाय उचलून तसाच ठेवला, आणि टोचलं. टक. हे जवळून बघण्यासारखं असतं. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि दोघांची कामं थोडी वाटून दिलेली असतात. दाणा की खडा हे ओळखण्यात उजवा डोळा पुढे, आकाशातल्या शत्रूवर डावा, असं पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. ठकीला टोपण उजवीकडून दाखवलं की ती लवकर टोचते असं माझं मत. लेकाला पटत नाही.

वेळेचं मात्र आम्हा सगळ्यांना पटलं. कोंबडीची टोच डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. टक उशिरा झालं तर तोवर मान वर आलेली असते, म्हणजे तुम्ही टोचायला नाही, मान वर करायला बक्षीस दिलंत. मोबाईलवर खेळून खेळून लेकाची बोटं तयार आहेत, त्याचं टक अचूक पडतं. नवऱ्याचं अर्धा सेकंद मागे. झिपरी त्याच्याकडे शिकायची आणि दर टोचीनंतर त्याच्या तोंडाकडे बघायची. लेकाकडे नेली की बघणं बंद. परदेशात कुत्र्यांचे प्रशिक्षक हात साफ करायला कोंबड्यांवर का शिकतात, ते तेव्हा कळलं.

लाल रंगाची एक गंमत सांगायलाच हवी. लाल टोचलं की खायला मिळतं हे ठकीला इतकं पक्कं झालं की तिने माझ्या पायाच्या बोटांचं नेलपॉलिश टोचलं, मग सासूबाईंच्या लाल बांगड्या, आणि एकदा पाहणीला आलेल्या सेक्रेटरीकाकांच्या खिशातलं लाल पेन, ते खाली वाकलेले असताना. काका हसले, पण आम्ही टोपण निळं केलं. घरात अंगावर क्वचित असेल असा रंग निवडा.

टोपण टोचायला लागली की पुढचं सोपं. टोपण पुढे सरकवलं की ती मागे येते. गोल फिरवलं की गोल फिरते. स्टुलावर धरलं की चढते. मग काडी हळूहळू लहान करत जायची, शेवटी नुसतं बोट उरतं. 'फिर' हा शब्द आम्ही बोटाच्या जरा आधी म्हणायचो. तो शब्द तिला कळतो का हे बघायला मी हात पाठीमागे बांधून 'ठकी, फिर' म्हटलं. ढिम्म. हाताची खूण तिला जूनमध्येच येत होती, नुसता शब्द कळायला दिवाळी जवळ आली. हाकेला येणं मात्र सगळ्यात आधी जमलं: शिट्टी, आणि भरडीचा डबा खडखडवणं. हे एकच शिकवायचं असेल तर हेच शिकवा. खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि कोंबडी रस्त्यावर गेली की याचं मोल कळतं.

शिकवताना एकच कोंबडी बाहेर, बाकीच्या आत. तिघी एकत्र असल्या की ठकी दुसरीच्या मानेवर टोच मारून वाटी ताब्यात घेते. ही उतरंड नॉर्वेच्या श्येल्डरूप-एबे यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवली आहे: कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं. आमच्याकडे ठकी वर, झिपरी मधे, कोयना तळाला. तळाची कोंबडी एकटी असली की खुलते. शिकण्यात कोयना आता झिपरीच्या पुढे आहे.

अडलं ते एका साध्या गोष्टीवर. ठकीने स्टुलावर चढून नुसतं शांत उभं राहायचं, दहा-बारा सेकंद. बाकी सगळं येणाऱ्या ठकीला ते जमेना. चढायची आणि पायाने स्टूल उकरायला लागायची, जणू खाली गांडूळ आहे. जितके दिवस शिकवलं तितकं उकरणं वाढलं. मी वाचायला घेतलं तेव्हा समजलं की हे जुनं दुखणं आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत प्राणी शिकवण्याची कंपनीच काढली होती. नाणं टाकलं की कोंबडी खेळ करून दाखवते अशी यंत्रं ते बनवत. त्यांनाही एक कोंबडी चौथऱ्यावर नुसती उभी हवी होती, आणि निम्म्याहून जास्त कोंबड्या उकरायला लागल्या. १९६१ मध्ये त्यांनी लिहिलं की शिकवलेलं काम खाण्याशी जोडलं गेलं की प्राणी हळूहळू आपल्या जातीच्या मूळ सवयीकडे घसरतो. ते उकरणं सुधारायच्या भानगडीत दोघं पडले नाहीत. कोंबडी नाचते असं जाहीर करून मोकळे झाले. आम्हीही तेच केलं. लेक ताशा वाजवल्यासारखी डब्यावर बोटं वाजवतो आणि ठकीचं उकरणं लेझीमच्या पहिल्या पावलासारखं दिसतं. शेजारची मुलं तेवढंच बघायला येतात.

जुलैत कोंबड्यांच्या शाळेला सुट्टी पडली. पावसाने तूस ओलं राहायला लागलं, आणि एका सकाळी झिपरी पिसं फुगवून कोपऱ्यात, विष्ठेत रक्त. रक्ती हगवण. पक्षी बघणारे डॉक्टर शोधणं हे या सगळ्यातलं सर्वात कंटाळवाणं काम. बहुतेक दवाखान्यांत कुत्रा-मांजर एवढंच बघतात. ठाण्यात एक मिळाले, ७०० रुपये तपासणी आणि पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम हे औषध. तिघींनाही द्यायला सांगितलं. आठवड्यात झिपरी उठली. पिल्लं आणायच्या आधीच डॉक्टरचा नंबर शोधून ठेवा. तूस पावसाळ्यात रोज वरखाली करा, ओलं काढून टाका. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांकही लिहून ठेवा.

ऑगस्टमध्ये अंडी सुरू झाली. अंडं घातल्यावर ठकी जो गजर करते त्याबद्दल हमीपत्रात काही लिहिलेलं नाही, नशीब. ऑक्टोबरात झिपरी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायच्या नादात जागची हलेना. खुराड्याच्या कोपऱ्यात, अंग पसरून, हात नेला की गुरगुरायची. शिट्टी, डबा, अळ्या, कशालाच दाद नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात बुचकळून काढ." डॉक्टरांनी ते करू नका, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवा, खालून हवा लागली की उतरते, असं सांगितलं. तसं केलं. उतरली. खुडूक कोंबडीला शिकवायचा प्रयत्न करू नका, दोघांचाही वेळ जातो.

रंग ओळखणं पावसाळ्यानंतर सुरू केलं. ताटात निळं, पिवळं, पांढरं अशी तीन टोपणं, निळ्यालाच टक. तिच्या नकळत टोपणांच्या जागा बदलायच्या, नाहीतर ती रंग न शिकता 'डावीकडचं' एवढंच शिकते. टोपणं एकाच कंपनीच्या बाटल्यांची आणि सारखी धुतलेली घ्या. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन. तिला अतिनील प्रकाशही दिसतो. आपल्याला सारखं दिसणारं तिला सारखं दिसेलच असं नाही. एका टोपणावर चिकटपट्टीचा गोंद राहिला होता, कोयना बरोबर तेवढंच निवडायची.

डिसेंबरात लेकाच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. जिवंत प्राणी आणायला बंदी, म्हणून व्हिडिओ आणि तक्ते. फॉर्मसोबत पालकांचं पत्र आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. प्राण्यांना खेळ शिकवायला परवानगी लागते ना, असं बाईंनी विचारलं. लागते, पण तिकीट लावून लोकांना दाखवायचं असेल तर: १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि २००१ चे नियम, नोंदणी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे. घरी, तिकिटाशिवाय, लागत नाही. हे आम्ही पत्रातच लिहून दिलं. परीक्षकांनी पहिला प्रश्न केला, उपाशी ठेवलं होतं का. लेकाने वजनाची वही पुढे केली. दर रविवारी किचनच्या काट्यावर टोपलीसकट वजन, टोपलीचं वजा. ही वही सुरुवातीपासून ठेवा, डॉक्टरही तीच आधी मागतात.

दुसरा प्रश्न, ही फुल्ली-गोळा खेळेल का. अमेरिकेत नाणं टाकून कोंबडीशी फुल्ली-गोळा खेळायची यंत्रं होती, पण डाव यंत्र ठरवायचं. कोंबडीला आत एक दिवा दिसायचा आणि ती तिथे टोचायची. हे ऐकल्यापासून लेकाला तसा खोका करायचाय. नऊ एलईडी, एक बटण आणि समोर कोयना, कारण ठकी उकरून वायरी काढेल. सामान ठाण्याहून आणलंय, साडेचारशे रुपयांचं. वार्षिक परीक्षा संपेपर्यंत ते कपाटावर ठेवलंय.